घरचा इन्व्हर्टर

दादा,

ऑफिसात फोन केलता. कॉम्प्युटरला भराभरा शिकवणारं तुझं कार्ड चालू हाय, तुला मधे उठवायचं न्हाय, असं सांगून त्यांनी ठेवून दिला. शिकताना लाईट गेली तर सगळं पहिल्यापासून, म्हणून घरचा इन्व्हर्टर तिकडं नेलास. लोडशेडिंग आपल्या गल्लीतबी असतंय की! आबांचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं. दवाखान्याच्या वाटेवर, रिक्षातच गेले.

चादर न्यायला घरी आलते, परत दवाखान्यात चाललेय. गडहिंग्लजच्या आत्याला कळवलंय. ही चिठ्ठी वाचलीस की दवाखान्यात ये, येताना कपाटातला आबांचा पांढरा सदरा घेऊन ये. इन्व्हर्टर राहू दे तिकडंच.

रिक्षात धापा टाकत आबांनी एकच विचारलं, “प्रसेनजीतकडं लाईट हाय न्हवं?”

मी व्हय म्हटलं.

साक्षी