काळ्या काचेवरची रेघ

नाना, तुमची दुर्बीण काल माळ्यावरून खाली काढली. माझ्या नातीला हवी आहे. किती पट मोठं दाखवते, हा तिचा पहिला प्रश्न. मी तुमच्याच तोऱ्यात सांगितलं की पट विचारू नये, आधी तिपाई हलते का ते बघावं. जयपूरच्या त्या दुकानदारानेही पटीचंच कौतुक लावलं होतं. तुम्ही ती झगझगीत दुर्बीण बाजूला सारून जड तिपाईची, अडीच इंची भिंगाची घेतलीत, आणि त्यापेक्षा शिवणयंत्र आणलं असतं तर, असं आई वर्षभर पुटपुटत राहिली.

तुमचे नियम अजून पाठ आहेत. आधी कमी ताकदीचा आयपीस, म्हणजे डोळ्याकडचं भिंग, लावायचा, चंद्र नीट सापडला की मग जास्तीचा. सूर्याकडे मात्र डोळा न्यायचाच नाही, त्याचं बिंब मागे धरलेल्या पांढऱ्या कागदावर पाडायचं. पेटीत आयपीसवर फिरवून बसवायची एक काळी काच होती, सूर्य थेट बघण्यासाठी. तिच्यावर तुमचा भरवसा नव्हता. संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी ती खेळायला घेतली आणि फरशीवर पाडली. केसाएवढी रेघ पडली. फडक्यात गुंडाळून जागच्या जागी ठेवून दिली. म्हटलं, तुम्ही कुठे ती काढताय!

जयपूरची संक्रांत म्हणजे अख्खं गाव गच्चीवर. खाली आईचं हळदीकुंकू चाललंय, वर पतंगांची काटाकाटी. माझ्या वर्गातल्या चार मुली पहिल्यांदाच आपल्या घरी आल्यात. एरवी माझ्या हिंदीला हसणाऱ्या त्या मुली आज माझ्या वडिलांची दुर्बीण बघायला रांगेत उभ्या आहेत. तुम्ही कागदावर सूर्याचे डाग दाखवताय. तेवढ्यात घरमालक वकीलसाहेब येतात आणि कागद बघून हसतात. "प्रोफेसरसाब, कागज़ तो हमारे घर भी है. सीधे दिखाइए न."

तुम्ही पडलात भिडस्त. घरमालकाला नाही म्हणणं तुम्हाला कधी जमलं? काळी काच फडक्यातून निघते. घाईघाईत तुम्ही ती फिरवून बसवता. रेघ तुम्हाला दिसत नाही. मला दिसते. सांग, आता तरी सांग, असं मी मनात घोकते आणि तोंडातून ब्र निघत नाही. मुली पुढे सरकतात. तुम्ही हात आडवा धरता.

"थांबा. आधी मी बघतो."

थोडा वेळ काहीच झालं नाही. डाग छान दिसतायत असं तुम्ही म्हणालात आणि मला वाटलं, सुटले. मग टच्‌ असा आवाज आला. तुम्ही डोळ्यावर हात दाबून खालीच बसलात.

उजव्या डोळ्यापुढचा तो काळा ठिपका शेवटपर्यंत गेला नाही. वाचताना ओळीतली मधली अक्षरं गायब व्हायची आणि तुम्ही मान तिरकी करून ती शोधायचात. उन्हाने तापून अशी काच तडकते, हे तुम्ही पुढे प्रत्येक वर्गाला बजावून सांगितलंत. ते खरंच आहे, धडधाकट काचही तडकते. त्या खऱ्याच्या आडोशाला मी आजवर लपले. हे पत्र लिहून झालं की फाडणार आहे, म्हणून एक सांगून टाकते.

भीतीने गप्प बसले, अशी मी स्वतःची समजूत घालत आले. खोटं आहे ते, नाना. तुम्ही माझ्यावर कधी हात उगारला नव्हता. रेघ सांगितली असती तर काच पेटीत गेली असती आणि त्या चौघी पतंग उडवायला निघून गेल्या असत्या. त्या जाऊ नयेत, एवढंच मला हवं होतं.