शिकारी जातीला शिस्त

५ जून
कुत्रा आणला. टेरियर. गुडघ्यापर्यंत येत नाही, पण जात शिकारी. बिळात शिरून कोल्ह्याला हुसकणारी. सासऱ्यांनी विचारलं, आपल्याकडे कोल्हा कुठाय. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय म्हणून आमच्याकडे राहताहेत. दूरदृष्टीचं ऑपरेशन अजून निघालेलं नाही.
नाव ठेवलं कमांडर. बायको बुटक्या म्हणते.

६ जून
जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, याला दोन्ही वेळा भरपूर पळवा, केस विंचरा, एकटं ठेवू नका, नाहीतर घर खणून काढेल. बाईंची हयात मांडीवरच्या कुत्र्यांत गेलेली दिसते. शिकाऱ्याला लागते शिस्त. उद्या पहाटेपासून सुरू.

७ जून, सकाळी साडेनऊ
पहाटे मुद्दाम उठलो नाही. कुत्र्याला आधी घराची सवय व्हायला हवी. घाई मूर्ख लोक करतात.

११ जून
ऑफिसातून आलो तर सोफ्यात भुयार. बायको म्हणाली, बाबा तपासणीला गेले होते, तो दिवसभर कोंडलेला, दुसरं काय करणार. खणणं हा जातीचा गुण आहे, हे तिला कोण सांगणार? सोफा चुकीच्या जागी होता.
सासरे म्हणाले, मी फिरवून आणू का? काठी टेकत चालणारा माणूस टेरियर फिरवणार. हसू आलं. नेऊ दिलं. मला ट्रेनिंगचा प्लॅन आखायचा होता.

२० जून
प्लॅन तयार. मैदानात नेऊन 'बस' म्हणालो. तो खारीमागे सुटला. पट्टा माझ्या मनगटाला, त्यामुळे मीही. गटारापाशी थांबलो, म्हणजे गटारात. मागून काठी टेकत आलेल्या सासऱ्यांनी नुसतं 'बुटक्या' म्हटलं तर शेपूट हलवत त्यांच्याकडे. लाचार.

२ जुलै
सासऱ्यांची काठी सुटली. सगळे श्रेय कुत्र्याला देतात. कुत्रा आणला कोणी, हे जेवताना मलाच सांगावं लागलं. शिवाय म्हणालो, आता ठणठणीत आहात, घरी जायला हरकत नाही, तुमच्या लाडाने कुत्रा बिघडतोय. सासऱ्यांनी हात धुतले. बायकोने माझ्यापुढचं ताट उचललं. पटलं असावं.

५ जुलै, संध्याकाळी
सासरे गेले. टॅक्सीत त्यांच्याआधी कुत्रा चढला. 'कमांडर, उतर,' असं मी खणखणीत म्हणालो. त्याने खिडकीबाहेर तोंड काढलं, दुसऱ्या बाजूच्या. बायको म्हणाली, बाबांना पोचवते, राहीन तिथेच. किती दिवस, विचारलं. म्हणाली, बघू. बॅग मात्र मोठी होती.

रात्री
जेवणाचं काय केलंय, विचारायला फोन केला. सासऱ्यांनी उचलला. म्हणाले, ती दोघं फिरायला गेलीत.