दुर्बिणीच्या पट्ट्याविषयी मामांना सविस्तर

मुलुंड पूर्व,
दि. १४ डिसेंबर २०२५, रविवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. (न चाललेले दोन पट्टे परत पाठवायच्या खोक्यात भरून, खोक्याला चिकटपट्टी दोनदा लावून लिहायला बसलो आहे.)

तीर्थस्वरूप रामचंद्रमामांच्या चरणी भाचा प्रांजल याचा नमस्कार. (तीर्थरूप फक्त आईवडिलांना लिहितात, मामांना तीर्थस्वरूप. आमच्या फ्लेक्सच्या दुकानात छापण्याआधी मजकूर मी तपासतो, त्यामुळे बारावी राहिली तरी एवढं कळतं.) तुमची मान कशी आहे? डावीकडे वळू लागली का? रताळी डुकरांनी पूर्ण खाल्ली की थोडी ठेवली? आम्ही इकडे बरे आहोत. आई माझ्याशी बोलत नाही, पण प्रकृतीने बरी आहे. ती का बोलत नाही, ते ओघात येईलच.

हे पत्र तुमच्या गावच्या विकास सोसायटीच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतो आहे, कारण तुमचा मोबाईल मामीच्या हाती असतो, आणि "मामीक कळूक नको" हे तुम्ही फोनवर तीनदा बजावलं होतंत. गेल्या वर्षी मचाणावरून उतरताना तुमची मान आखडली तेव्हापासून मामीने तुमची शिकार बंद केली आहे, हे मला माहीत आहे. वास्तविक बंदूक आणि वनखात्याची परवानगी दोन्ही वाडीतल्या दुसऱ्यांच्या नावावर. तुमच्याकडे फक्त दुर्बीण, आणि डुक्कर आलं की "इला, इला" असं हळू म्हणण्याची जबाबदारी. तेवढ्यासाठी साडेआठशे ग्रॅम वजन रात्रभर गळ्यात टांगून ठेवायचं म्हणजे मान दुखणारच. म्हणून वजन मानेवर न येता दोन्ही खांद्यांवर आणि पाठीवर वाटलं जाईल असा छातीचा पट्टा घेण्याचं काम तुम्ही माझ्यावर सोपवलंत. मी ते मनावर घेतलं. तिथेच चूक झाली.

पहिल्यांदा वाटलं, असा पट्टा सर्जिकलच्या दुकानात मिळेल. (मान, खांदे, छाती, पाठ हे सगळे अवयवच आहेत.) म्हणून घाटकोपरला एका दुकानात गेलो. काउंटरवर गर्दी होती. माझ्यामागे आमच्या मजल्यावरच्या सुनंदाताई गुडघ्याची टोपी घ्यायला उभ्या होत्या, ते मला दिसलं नाही. दुकानदाराला मी स्पष्ट मराठीत विचारलं, "दुर्बिणीसाठी छातीचा पट्टा आहे का?"

"दुर्बिणीने झालं ना? मग पोटाला लागेल."

"नाही, छातीलाच."

"केव्हाची आहे?"

तुम्ही ती दिवाळीच्या आधी घेतलीत, म्हणून मी तसं सांगितलं. तो म्हणाला, "त्रास कुठे होतो?" मी म्हटलं, मानेला. त्याने आवाज खाली आणला. "मोठी होती?"

"साडेआठशे ग्रॅम."

मामा, त्या माणसाने मला बसायला स्टूल दिलं. मला वाटलं, काय सभ्य दुकान आहे! "एवढी निघाली? तपासायला पाठवलीत ना?" असं त्याने विचारलं, त्यावर मी म्हटलं, नाही, ती गावी मामांकडे असते, ते रोज पुसून ठेवतात. (आता मागे वळून पाहताना लक्षात येतं की हल्ली दुर्बिणीने डोंगर कमी आणि ऑपरेशनं जास्त करतात. परंतु त्या वेळी मी फक्त शब्द शुद्ध उच्चारण्याकडे लक्ष देत होतो.) त्याने मला एक रुंद पट्टा दिला, पैसे कमी घेतले आणि जिने चढू नका म्हणाला.

तो पट्टा घरी बांधून पाहिला तर श्वासच घेता येईना, आणि दुर्बीण अडकवायला हूकही नाही. मग दुसरा ऑनलाइन मागवला. त्याला पुढे झाकणाची पिशवी होती, सोय चांगली, पण झाकण चिकटपट्टीचं, म्हणजे वेल्क्रोचं. ते उघडताना चर्रर्र असा आवाज येतो की डुक्कर सोडाच, आमच्या खालच्या मजल्यावरचे लोक वर बघतात. तिसरा मात्र झकास निघाला. पाठीवर फुलीसारख्या जाणाऱ्या दोन इलॅस्टिकच्या पट्ट्या, मध्ये मऊ चामड्याचा तुकडा, आणि दुर्बीण डोळ्यांना लावली की पट्ट्या ताणल्या जातात, सोडली की ती छातीवर गप्प येऊन बसते. वाकलं तरी लोंबकळत नाही. हे मी नुसतं वाचून लिहीत नाही. दुर्बीण तुमच्याकडे असल्यामुळे मी वाण्याकडून पाचशे, दोनशे, शंभर आणि पन्नासची वजनं मागून आणली, फडक्यात बांधली, पट्ट्याला अडकवली आणि तीन दिवस रोज एक तास गच्चीवर चाललो. वजनं पडू नयेत म्हणून छातीवर हात ठेवून, सावकाश.

सुनंदाताईंनी हे तिन्ही दिवस पाहिलं.

आता मामा, सुनंदाताईंनीच माझ्यासाठी बोरिवलीच्या श्यामसुंदर परबांची मुलगी सुचवली होती, हे तुम्हाला आईने कळवलं असेलच. मुलीचं नाव गंधाली, पवईला ऑफिसात आहे. एकदा भेटलो होतो. तिने मला "तुमच्या दुकानाने छापलेला सगळ्यात वाईट फ्लेक्स कोणता?" असं विचारलं, आणि मी पाऊण तास बोललो, आणि ती शेवटपर्यंत ऐकत होती. मामा, माझं पाऊण तास कोणी ऐकत नाही. मला ती फार आवडली आहे. हे वाक्य मी दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलं आहे.

गेल्या सोमवारी परबांचा बाबांना फोन आला. मुलाच्या छातीतून साडेआठशे ग्रॅमची गाठ काढली हे आधी सांगायला हवं होतं, आणि ती गावी जपून ठेवली आहे हे तर आमच्या समजण्यापलीकडचं आहे, असं ते म्हणाले. आईने मला समोर बसवून विचारलं, "पट्टा कशाला लागतो तुला? खरं सांग." खरं सांगितलं असतं तर आईने ते चहा गाळायच्या आत मामीला कळवलं असतं. म्हणून मी पट्ट्याची घडी घालत राहिलो. आई माझा सदरा वर करून टाके शोधू लागली. एकही सापडला नाही, तर म्हणाली, "दुर्बिणीचे दिसत नाहीतच रे," आणि रडली. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. तुमच्या शब्दासाठी मी किती सोसलं, हे एवढ्यावरून ध्यानात घ्यावं.

काल शेवटी धीर करून तिसरा पट्टा पिशवीत घातला आणि बोरिवलीला परबांकडे गेलो. ठरवलं होतं, सरळ सांगायचं: माझे मामा शिकारीला जातात, त्यांच्यासाठी हा पट्टा आहे. "माझे मामा" इथपर्यंत बोललो आणि परबांच्या गळ्यातली तुळशीची माळ दिसली. घरात अंडंसुद्धा येत नाही म्हणे. एका बाजूला गाठ आणि दुसऱ्या बाजूला डुक्कर, आणि मध्ये मी. माझ्या तोंडून निघालं, "पक्षी बघतात."

परबांचा चेहरा एकदम उजळला. गंधालीने विचारलं, "कुठले पक्षी?"

मी म्हटलं, "गावचे."

ती म्हणाली, "अय्या, खरंच? मीसुद्धा रविवारी खाडीवर जाते, पाणपक्षी बघायला!" आणि हसली. ती कशाला हसली हे मला कळलेलं नाही. मला भीती अशी की तिला कळलं आहे.

मामींना (त्यांना हे पत्र दाखवू नये) माझा नमस्कार सांगावा. तुमच्या मानेला आराम पडो.

तुमचा आज्ञाधारक,
प्रांजल

ता.क. १. परब कुटुंब शनिवारी, सत्तावीस तारखेला सावंतवाडीला लग्नाला येत आहे. परत जाताना गंधालीला घेऊन ते तुमच्याकडे उतरणार आहेत, पहाटे तुमच्यासोबत पक्षी बघायला. मी नको म्हणालो नाही, कारण तोंड उघडलं की काय बाहेर पडेल याचा मला भरवसा राहिलेला नाही. कृपया तोपर्यंत दहा पक्ष्यांची नावं पाठ करावीत. धनेश, खंड्या, हळद्या, सुतार, भारद्वाज एवढे मी देतो, उरलेले तुम्ही बघावेत. रानकोंबडा सांगितलात तर तो कसा लागतो हे सांगू नये. मचाणाला पक्षिनिरीक्षण मनोरा म्हणावं. (पक्षि ऱ्हस्व, समास आहे.) आणि मामीने विचारलंच तर म्हणावं की तुम्ही हा नाद प्रांजलच्या लग्नासाठी धरला आहे. हे खोटंही होणार नाही. मामा, आजवर तुमच्याकडे काही मागितलं नाही, हे मागतो आहे.

ता.क. २. पार्सलची वाट पाहू नये. काल गंधालीने पट्टा घालून पाहिला, दोनदा वाकली, एकदा उडी मारली, आणि म्हणाली, "कसला भारी बसतो रे! हा मीच ठेवते." "रे" म्हणाली, मामा. मी तुमचं नाव काढू शकलो नाही.

खर्च : सर्जिकलचा पट्टा २८० (परत घेत नाहीत). ऑनलाइन दोन्ही मिळून २,१४०, पैकी चिकटपट्टीवाल्याचे ८९० परत येतील. बोरिवलीला जाऊन-येऊन १४०. तुमच्याकडून येणं काही नाही, कारण तुम्हाला पट्टा मिळालेला नाही.

ता.क. ३. वर पहिल्याच ओळीत परतीच्या खोक्यात दोन पट्टे भरले असं लिहिलं आहे, त्यातला सर्जिकलचा मी आता बाहेर काढला. तो तुम्हाला पाठवतो. अठ्ठावीसच्या पहाटे मान दुखू लागली तर बांधावा, पण त्यांच्यासमोर नको.