आपला बंपर पोचला, आमचा ट्रक वाकला

आदरणीय साडूभाऊ,

सविनय नमस्कार. ताईंचा गुडघा आता कसा आहे? जिना चढताना अजून दुखतो का? आपल्या तब्येतीची चौकशी करत नाही, त्याबद्दल राग नसावा. ज्या माणसाने तो बंपर एकट्याने कापला, वाकवला आणि जोडला, त्याची तब्येत विचारणं म्हणजे बुलडोझरला सर्दी झाली का असं विचारण्यासारखं आहे. आम्ही इकडे बरे आहोत. म्हणजे मी आणि सौ. बरे आहोत. ट्रक परवापर्यंत बरा नव्हता, आणि त्याबद्दलच जरा सविस्तर लिहायला बसलो आहे.

आपण प्रेमाने पाठवलेला बंपर उतरवताना टेम्पोवाल्याने मला बाजूला घेऊन विचारलं की हे नक्की काय आहे. त्याला वाटलं होतं, एखाद्या पुलाचा उरलेला भाग असावा. आमच्या ट्रकला मुळात एक बंपर होता. साधा, पत्र्याचा, आपल्या कामाशी काम ठेवणारा. इतक्या वर्षांत त्याने कुणाला दुखावलं नाही आणि तोही फारसा दुखावला नाही. पण मागे आपण आमच्याकडे आलात तेव्हा हातात चहाचा कप धरून, बुटाच्या टोकाने त्याला टकटक करून, हा तर डबा आहे असं म्हणालात आणि ते सौ.च्या मनाला लागलं. (माझ्या नाही लागलं. मला डब्यांबद्दल आदर आहे.) त्यामुळे आपली भेट आली तेव्हा सौ. अंगणात अशी उभी होती, जणू माहेरचं कुणी गाडीतून उतरतंय.

बंपर बसला आणि ट्रकने मान खाली घातली. नापास झाल्याचा निकाल वडिलांपुढे धरून पोरगा उभा राहतो ना, तसा. मागची बाजू वर, नाक जमिनीशी. दिवे लावले तर उजेड चाकापुढे दोन हातांवर, जणू कुणाची अंगठी हरवली आहे आणि ट्रक ती शोधतोय. स्टिअरिंग इतकं जड झालं की एक वळण घेतलं की दुसरं घ्यावं की नाही याचा विचार करावा लागे. पुढचं टायर मडगार्डला घासून असं किंचाळायचं की रस्त्यावरची माणसं आधी ट्रककडे आणि मग माझ्याकडे कीव केल्यासारखी बघायची. खड्डा आला की खालून धाडकन आवाज यायचा आणि तो थेट माझ्या मणक्यात संपायचा. मी घरी येऊन सौ.ला हळूच म्हणालो की हा बंपर काही दिवस काढून ठेवूया. ती भाजी चिरत होती. चिरणं न थांबवता म्हणाली, “काढा ना. मी काही म्हणत नाही. फक्त ताईला फोन करून सांगते, की तुम्हाला भावोजींचं काम पसंत पडलं नाही.”

म्हणजे बंपर जिथल्या तिथे राहणार आणि बदल ट्रकने करायचा, हे ठरलं.

पहिल्यांदा आमच्या कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे गेलो. त्याला सगळे ‘सर्जन’ म्हणतात. (उघडतो सगळं, बंद करणं त्याच्या अभ्यासात नव्हतं.) त्याने स्प्रिंगच्या वर रबराचे गुटके घातले आणि हात पुसत म्हणाला की झालं. ट्रकला उंची आली, हे खरं. पण उंच टाचांचे बूट घातल्याने कुणी पैलवान होत नाही, हे सर्जनला कुणी सांगितलं नसावं. पहिल्याच खड्ड्यात एक गुटका निसटला, उड्या मारत समोरच्या सलूनमध्ये गेला आणि दाढीला बसलेल्या माणसाच्या खुर्चीखाली जाऊन थांबला. तो परत मागायला जाण्याचं धैर्य मला झालं नाही. सर्जनलाही झालं नाही.

मग गेलो पाटेवाल्याकडे. पाटे म्हणजे एकावर एक रचलेल्या त्या वाकवलेल्या लोखंडी पट्ट्या, ज्यांच्यावर ट्रकचा भार तोललेला असतो. (हे आपल्याला माहीत आहे. पण माहीत असलेल्या गोष्टी आपण वापरत नाही, म्हणून लिहितो.) त्याने विचारलं, बंपरचं वजन किती? तेव्हा मी आपल्याला तिथूनच फोन केला होता, आठवत असेल. आपण म्हणालात, “वजन कसलं विचारता, वेल्डिंग बघा.” ते उत्तर मी जसंच्या तसं पाटेवाल्याला सांगितलं. त्याने बंपरवर दोनदा थाप मारली, डोळे बारीक केले आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन जाड पाटे चढवले. आपली आणि त्याची गाठ पडायला हवी. अंदाजावर इतका विश्वास असलेली दोन माणसं एका गावात नाहीत, हे त्या गावांचं नशीब.

आता ट्रकचं नाक वर गेलं. इतकं वर, की सत्कार झाल्यापासून ओळख न दाखवणाऱ्या माणसासारखा तो दिसायला लागला. संध्याकाळी दिवे लावले की उजेड दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्यांत. आणि नेमकं त्याच आठवड्यात काचवाल्याचं काम आलं. आरशांचा मोठा व्यापारी. त्याचा माल कायमचा आपल्याकडे आला तर वर्षभर काम शोधत हिंडायला नको, असं मी आणि सौ. कितीतरी दिवस बोलत होतो. एक खेप करून दाखवायची होती. मी आरशांमध्ये घरातल्या गाद्या घातल्या, उशा घातल्या, सौ.ची रजईसुद्धा घातली. काचवाला म्हणाला की मीही बरोबर येतो, आणि केबिनमध्ये माझ्या शेजारी बसला.

पुढचे पाटे हूं की चूं करत नव्हते. रस्त्यावर काडेपेटी पडली असेल तरी ती आम्हाला कळत होती. काचवाला सुरुवातीला धंद्याबद्दल बोलत होता, मग तुटक बोलायला लागला, मग नुसताच दार धरून बसला. पोचल्यावर आरसे उतरवले. एकालाही तडा नाही. काचवाला मात्र खाली उतरला तो वाकूनच, आणि वाकलेल्या अवस्थेतच शांतपणे म्हणाला, “माल उत्तम पोचला. मी नाही.”

घरी आलो. सगळं ऐकत सौ.ने रजई झटकून घडी घातली. मग म्हणाली की एकदा त्या बंपरचं वजन तरी करा. दुसऱ्या दिवशी तो काढून भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवला. (ती स्वतः बरोबर आली होती. वजनच होतंय, विक्री नाही, याची खात्री करायला.) आकडा इथे लिहीत नाही, आपल्याला त्याचा अभिमान वाटेल. पाटेवाल्याला तो आकडा सांगितला तर म्हणाला की मग एकच पाटा पुरे होता, तोही बारीक. दोन मजबुतीसाठी टाकले होते. हे सांगताना त्याला लाज वाटली नाही. मी त्याच्यासमोर उभा राहून जाड पाटे काढून घेतले, दोन्ही बाजूंना एकेक बारीक घातला, बंपर पुन्हा चढवला, नवे शॉकअप बसवले, चाकांची अलाइनमेंट केली, भिंतीसमोर ट्रक लावून दिवे सरळ केले. मग दूर जाऊन पाहिलं. ट्रक सपाट उभा होता, माणसासारखा. मला जरा भरून आलं, हे कबूल करतो.

काचवाल्याला पुन्हा बोलावलं तर तो बसायला तयार होईना. त्याने धाकट्या भावाला पाठवलं. (दोघांचं पटत नाही, हे मला नंतर कळलं.) धाकटा बसला आणि पहिल्या चौकातच झोपला. तोंड उघडं टाकून, खिडकीला डोकं टेकवून, थेट गोदामापर्यंत. गोदामाच्या दारात काचवाल्याने त्याला घोरताना पाहिलं आणि काम आम्हाला दिलं.

ताईंना नमस्कार सांगावा.

आपला नम्र आणि सध्या सपाट असलेला,
साडू

ता.क. हे सगळं लिहिण्याचं कारण असं, की काल सौ.ला आपला फोन आला आणि मागचाही बंपर जवळपास तयार आहे असं कळलं. हात जोडतो, पाठवू नका. वेल्डिंग मशीन जळालं म्हणा, लोखंड मिळत नाही म्हणा, काहीही म्हणा. मी आपल्याला खोटं पाडणार नाही.

ता.क. २. पाकीट बंद करणार एवढ्यात बाहेर मोठा आवाज झाला. पाण्याचा टँकर मागे घेताना आमच्या उभ्या ट्रकवर येऊन आदळला. टँकरचा मागचा भाग चेपून नळ तुटला, गल्लीभर पाणी झालं. बंपरवर ओरखडासुद्धा नाही. सगळी गल्ली बघायला जमली होती, आणि पाण्यात उभा राहून प्रत्येकाला ‘आमच्या साडूंनी स्वतः केलाय’ असं सांगणारा माणूस मीच होतो, हे माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

ता.क. ३. मागचा बंपर पाठवा. मात्र मी मागवला, हे सौ.ला कळू देऊ नका. तिने हट्ट करावा, मी दोन दिवस नाही म्हणावं आणि मग तिच्या शब्दाखातर मान्य करावं, असा बेत आहे.