ड्रायव्हर साईड

उस्ताद, आपल्या हातचं चाक निखळलं. उभ्या गाडीचं नव्हे, पळत्या गाडीचं, आणि आत एक पोरगी बसलेली होती. ती वाचली, हे आधी सांगून टाकतो, कारण तुमचा पहिला सवाल तोच असता. दुसरा सवाल तुम्ही केला असता, आवळलं कुणी? त्याचा निकाल लागून पाच महिने झाले. निकालात जतच्या आपल्या गड्याचं नाव आहे, माझं नाही. असायला हवं होतं. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला दोन ओळी लिहिल्या नाहीत. त्या दिवसापासून मी सुन्न आहे. जेवतो, बोलतो, कामावर जातो, पण जे घडलं ते माझ्याच तोंडून घडलं यावर अजून माझा विश्वास बसत नाही.

तुम्ही हसाल, पण मी हल्ली शर्यतीच्या गाड्यांवर काम करतो. ट्रकखाली उताणं पडून ज्याचं अर्धं आयुष्य गेलं, तो माणूस आता वीतभर उंचीच्या स्पोर्ट्स कारपुढे गुडघे टेकून बसतो. साताऱ्याला एमआयडीसीत आमच्या मालकांची शेड आहे. या गाड्यांच्या स्प्रिंट शर्यतींचा हा पहिलाच हंगाम, आणि मालकांनी हौसेनं एक गाडी उतरवली. स्प्रिंट म्हणजे छोटी शर्यत. पस्तीस मिनिटं पळायचं, मध्ये थांबायचं नाही, चाक बदलायचं नाही, जे घालून सुटलात त्याच्यावरच संपवायचं. चालवायला साताऱ्याचीच पोरगी, बावीस वर्षांची, वडील फौजेतून निवृत्त झालेले. मला मामा म्हणते आणि जतवाल्याला काका. मला हेड मेकॅनिक केलं तेव्हा मी मालकांना एकच अट घातली होती की पुढच्या चाकांना माझा माणूस पाहिजे, आणि जतला फोन लावला होता. म्हणजे त्याला तिथं नेलं तेही मीच.

सगळ्या गाड्या परदेशातून आलेल्या, एकसारख्या, आणि स्टेअरिंग डावीकडे. तुम्ही असता तर पहिल्या दिवशीच बोनेटवर थाप मारून म्हणाला असता, ही गाडी उलटी हाय. मला ते दिसत होतं, पण दिसणं वेगळं आणि जिभेला कळणं वेगळं.

मिरजेच्या गॅरेजमधला तो दिवस आठवतो का? मी आयटीआय करून नवाच आलेलो, अंगात चार पुस्तकांची मस्ती. उसाच्या ट्रकचं काम चाललं होतं आणि मी मागून ओरडलो, "उस्ताद, डावीकडचं ढिलं हाय." तुम्ही पाना खाली ठेवलात, हात पुसलेत आणि सगळ्यांदेखत माझी हजामत केलीत. "डावं म्हंजे कुणाचं डावं रं? मी बोनेटम्होरं हुबा, तू मागं फाळक्याकडं. तुजं डावं ते माजं उजवं. गाडीला दोनच बाजू असत्यात. एक ड्रायव्हर साईड, एक क्लीनर साईड. डावं-उजवं ताटावर बसल्यावर बघ." त्यानंतर सात वर्षं मी तुमच्या गॅरेजात डावं-उजवं हे शब्द काढले नाहीत. तुमचा नियम पक्का होता. माणूस कुठंही उभा असो, ड्रायव्हर साईड म्हणजे ही बाजू, आणि सांगली-मिरजेत कुणीही तेच समजणार. ट्रक कुठलाही असो, ड्रायव्हर उजवीकडेच बसायचा.

तो जतचा तुमचा लाडका होता, हे मला तेव्हा फार डाचायचं. दुपारी तुमच्या घरी चाचींच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघं भिंतीला टेकून बसायचो आणि चाची त्याच्या ताटात न विचारता दुसरी भाकरी टाकायच्या. मला विचारायच्या. तो चाकाचे नट आवळताना कानडीत मोजायचा, ओंदु, एरडु, मूरु, आणि आठवर आला की उठायचा. तुम्ही म्हणायचात, "ह्याचं चाक मी बघत न्हाई, ह्याचा आकडा ऐकतो." खरं सांगायचं तर मीही तेच करायचो. या नव्या गाड्यांना चाकाला एकच नट असतो, मधोमध, आणि तो नीट बसला की एक छोटी पिन आपोआप बाहेर येते. पहिल्या दिवशी तो हिरमुसून म्हणाला होता, "दादा, हितं मोजायचं काय?"

हंगामातली शेवटची शर्यत दक्षिणेत होती. सुटायच्या जागी गाड्या रांगेत लागल्या आणि आभाळ फुटलं. चारही चाकं काढून पावसाची चाकं घालायला जेमतेम पाच मिनिटं होती. पुढची दोन्ही जतवाल्यानं बसवली. शिट्ट्या वाजायला लागल्या, माणसांनी बाजूला व्हा म्हणून. काढलेल्या चाकांची ढकलगाडी माझ्या हातात, एक अधिकारी माझ्या पाठीला हात लावून मला बाहेर रेटतोय, आणि जाता जाता मला दिसलं की उजव्या पुढच्या चाकाची पिन आतच आहे. घाईत असं होतं, एखादवेळी नट बसत नाही. म्हणून तर बघायला दुसरा माणूस ठेवतात, आणि तो दुसरा माणूस मी होतो. सबंध हंगाम आम्ही लेफ्ट-राईट म्हणायची सवय केली होती. मालकांनी शेडमध्ये मोठ्या अक्षरांत तसं लावलंही होतं. पण त्या घाईत माझी जीभ थेट मिरजेला गेली. मी रेडिओवर ओरडलो, "ड्रायव्हर साईडचं म्होरचं बघ रं, आवळ!"

तो डावीकडे गेला. पोरगी तिथं बसलेली होती ना! त्यानं त्या चाकाला पाना लावून पाहिला आणि म्हणाला, "टाईट हाय, दादा." मी भिंतीआड पोचलो होतो, मला दिसत नव्हतं. पोरीनं विचारलं, "मामा, ओके?" मी म्हणालो, "ओके. जा."

दुसऱ्या फेरीला ते उजवं चाक सुटलं. मोठ्या पडद्यावर आधी चाकच दिसलं, एकटं, ओल्या रस्त्यावरून उड्या मारत चाललेलं, आणि मला क्षणभर, खरंच क्षणभर, वाटलं की हे दुसऱ्या कुणाचं तरी आहे. मग आमची गाडी दिसली. भिंतीवर आदळल्याचा आवाज पडद्यातून नाही, थेट ट्रॅकवरून आला. मी तिला रेडिओवर हाका मारत होतो आणि उत्तर नव्हतं. जतवाला माझ्या शेजारी दोन्ही हात डोक्यावर ठेवून मटकन खाली बसला. गाडीच्या खिडकीतून तिचा हात बाहेर येईपर्यंत किती वेळ गेला हे मला आजही सांगता येणार नाही. मनगट मोडलं होतं आणि दोन बरगड्या. डॉक्टर म्हणाले, नशीब.

संध्याकाळी चौकशी झाली. तीन अधिकारी, आमचे मालक, जतवाला आणि मी. त्यांनी रेडिओचं रेकॉर्डिंग लावलं आणि त्या थंडगार खोलीत माझाच आवाज आला. आपला आवाज असा बाहेरून ऐकताना काय होतं, ते सांगता येत नाही. त्यांनी विचारलं, ड्रायव्हर साईड म्हणजे कुठली बाजू? आणि उस्ताद, मी विचारसुद्धा केला नाही. शब्द तयारच होते. मी म्हणालो, "लेफ्ट, साहेब. ड्रायव्हर बसतो ती." म्हणजे त्यांच्या लेखी उजवं चाक मी पाहिलंच नव्हतं, कुणीच पाहिलं नव्हतं, ते त्यानं ढिलं ठेवलं आणि गाडी तशीच गेली. एका शब्दात सगळं मिटलं. अधिकाऱ्यांनी मान डोलावली. त्याचं ओळखपत्र तिथंच काढून घेतलं आणि मालकांनी त्याला दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं.

इथवर कदाचित तुम्ही मला समजून घेतलं असतं. माणूस घाबरतो. पण बाहेर आल्यावर पत्र्याखाली आम्ही दोघंच होतो, कुणी ऐकणारं नव्हतं. पाऊस थांबला होता. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "दादा, एक इचारू? तू ड्रायव्हर साईड म्हणालास तवा मी घडीभर थांबलो. म्हटलं, हा आपल्या गॅरेजातलं बोलतोय का ह्या गाडीचं? तू उजवंच म्हणत हुतास न्हवं?" तो आरोप करत नव्हता. त्याला फक्त खरं हवं होतं, म्हणजे रात्री झोप लागली असती. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो हात ठेवल्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते, आणि म्हणालो, "न्हाई रं गड्या. डावंच म्हणत हुतो." तो म्हणाला, "मग माझाच नट." एवढंच. भांडला असता तर बरं झालं असतं.

आज मी मिरजेत आहे. पोरीच्या मनगटात बसवलेली धातूची पट्टी काढायचं ऑपरेशन इथल्याच हॉस्पिटलात झालं. तुमच्या गॅरेजच्या जागी आता तपासणी केंद्र झालंय आणि मी त्याच्या समोरच्या बाकावर बसून हे लिहितोय. सकाळी शुद्धीवर आल्यावर तिनं विचारलं, "मामा, काका माझा फोन उचलत नाहीत. त्यांना सांगा ना, मी त्यांच्यावर चिडलेली नाही. चूक कुणाकडूनही होते." मी म्हणालो, "सांगतो." मग बाहेर येऊन त्याच्या भावाला फोन केला. भाऊ म्हणाला, तो पाण्याचा टँकर चालवतोय, तब्येत बरी आहे. "पण येडा झालाय का काय कळंना. चाक बदललं की सोता हात लावत न्हाई. दुसऱ्याकडनं आवळून घेतो, आन् पुन्यांदा तिसऱ्याला बघाय लावतो. ज्याच्याकडनं सबंध तालुका चाकं बसवून घेत हुता तो."

फोन ठेवला आणि हे लिहायला घेतलं. उस्ताद, तुम्हाला हे पत्र मिळणार नाही हे ठाऊक असल्यामुळेच मला ते इतकं सरळ लिहिता आलं. ज्याला ते मिळायला हवं तो इथून दोन तासांवर आहे, त्याच्या गावाला दुपारची एसटी आहे, आणि ती मी आत्ताच या बाकावर बसून जाऊ दिली.