पुष्पा दारातून परत गेली

शनिवार, संध्याकाळ

आज पुष्पा आलेली. नलूची धाकटी बहीण, माझी मेहुणी, घोडबंदरहून इथे कोपरला, एवढ्या ट्रॅफिकमधून. आणि मी तिला दारातूनच परत पाठवलं.

नलूला पक्षाघात झाल्यापासून पलंगाशेजारी कॅम्पिंगला नेतात तसलं प्लॅस्टिकचं टॉयलेट आहे, वर बैठक आणि खाली मैल्याची टाकी. सकाळीच खालची टाकी संडासात ओतली, खळखळून धुतली, वास मारणारं निळं औषध घातलं. टाकीच्या झडपेच्या रबराला चीर गेलेली, वास तिथूनच यायचा. नवं रबर बसवलं, नाक जवळ नेऊन पाहिलं. काही नाही. खरंच काही नाही.

बेल वाजली तशी नलू घाबरली. "वास येतोय का हो?"

"अजिबात नाही. रबर बदललंय."

"तिला सांगा, मी झोपलेय."

"अगं, तुझी बहीण आहे ती!"

"म्हणूनच."

दारात खोटं बोललो. तेवढ्यात आतून नलू खोकली. पुष्पाने ऐकलं, माझ्याकडे पाहिलं, आणलेला डबा हातात दिला आणि जिना उतरली.

हात धरून आत न्यायला हवं होतं का तिला? कळत नाही. मी मेला त्या रबराच्या मागे लागलेलो. वासाचं नव्हतंच काही. नलूला बहिणीच्या नजरेस ते टॉयलेट पडायला नको होतं, आणि त्याच्या शेजारी पडलेली ती स्वतःही.

आत गेलो तर भिंतीकडे तोंड करून होती.

"गेली?"

"गेली."

मी डबा उशाशी ठेवला, तशी म्हणाली, "ती कशी दिसते हो आता?"

"जरा वाळलीय," म्हटलं, आणि नलू रडायला लागली.