सोमवारचे आकडे

प्रिय मुंगी,

वर्गात मी तुला या नावाने कधी हाक मारलेली नाही. तुझ्या मैत्रिणी मारतात आणि तुला ते आवडतं असं दिसतं, म्हणून धीर केला. तू रोज तिसऱ्या बाकावर बसतेस, हजेरीला 'हो बाई' म्हणतेस आणि मान खाली घालतेस. समोरासमोर बोलायला गेले तर माझा आवाज चढेल आणि निम्मं सांगायचं राहून जाईल, म्हणून लिहिते आहे. शुक्रवारी तुझ्या आईंना ऑफिसात बोलावलंय. तुझ्या दाखल्यावर फसवणुकीचा शेरा मारायचा की नाही, ते त्या दिवशी ठरेल. आज बुधवार झाला. वेळ थोडा आहे आणि मला पाल्हाळाची खोड आहे, तेव्हा जरा सांभाळून घे.

जूनमध्ये मी तुम्हा नववीच्या मुलांना सांगितलं होतं की पर्यावरण फळ्यावर शिकवायचा मला कंटाळा आलाय, यंदा आपण काहीतरी बांधू. बेसिनचं पाणी, म्हणजे हात आणि डबे धुतलेलं सगळं खरकटं पाणी, गटारात जायचं ते तुम्ही अडवलंत. तीन पिंपं पायऱ्यांसारखी लावलीत. पहिल्यात खडी, दुसऱ्यात वाळू, तिसऱ्यात कर्दळ. शेवटी टाकी, आणि टाकीतलं पाणी भाजीच्या वाफ्यांना. आराखडा तुमचा, पण पहिल्या पिंपातली खरकटं अडवणारी जाळी अगदी तळाशी बसवायची हा हट्ट माझा. पाणी किती स्वच्छ झालं ते बघायला तळाशी काळी फुली काढलेली काचेची लांब नळी होती. फुली दिसेनाशी होईपर्यंत पाणी ओतायचं आणि उंची सेंटिमीटरमध्ये वहीत लिहायची; आकडा जितका मोठा तितकं पाणी स्वच्छ. ती वही मी तुझ्याकडे दिली, कारण वर्गात तुझं अक्षर सुवाच्य आणि तोंड बंद.

सहा आठवडे झाले आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. दर सोमवारी आकडा चाळीसच्या पुढे. मंगळवारी जरा उतरलेला, शनिवारी जेमतेम अठरा. पुन्हा सोमवारी चाळीस. एकदा झालं असतं तर मी सोडून दिलं असतं, पण सहाच्या सहा सोमवार? खरी मोजमापं इतकी शहाण्यासारखी वागत नाहीत, हे मला वीस वर्षांच्या नोकरीने शिकवलंय. मी वही घरी नेली, लाल पेनने सोमवारांभोवती गोल केले आणि ठरवून टाकलं की पोरगी टाकीत नळाचं पाणी मिसळते आहे. तपासणीची मंडळी येणार होती, आकडे चांगले दिसावेत म्हणून कोणीही करेल, असंही मीच मला समजावलं.

मग मी तुझ्या मागेच लागले. शिपाईमामांना सहज म्हणून विचारलं, तर ते म्हणाले की सोमवारी तू साडेसहालाच येतेस, हातात बादली असते. झालं, मला हवं ते मिळालं. ते आणखी काही सांगत होते, पण मी जिना चढायला लागले होते. एका सोमवारी तू प्रार्थनेला आलीस ती खांद्यापर्यंत ओल्या बाह्यांनी, आणि मी मनात नोंद केली. तुझ्या अंगाला कसला तरी आंबूस वास येत होता, त्याची मात्र नोंद केली नाही, नुसतं नाक मुरडलं. पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी टाकीशेजारच्या नळाच्या चावीला पांढरा दोरा बांधला. या वयात मी दोरे बांधत फिरत होते, आणि खरं सांगते, मला त्यात मजाही वाटत होती.

सोमवारी दोरा तुटलेला होता. तू विसरली नसशील, पण मला लिहू दे. पस्तीस मुलांसमोर मी तुला उभं केलं आणि विचारलं की नळ कोणी उघडला. तू लगेच म्हणालीस, मी. पुढचा प्रश्न अगदी सोपा होता, का उघडलास. तो मी विचारलाच नाही. गुन्हा कबूल झाला म्हणून मला इतका आनंद झाला होता की वही तुझ्या हातातून ओढून मी मॉनिटरकडे दिली आणि धडा पुढे चालू केला.

त्यानंतर तू पिंपांकडे फिरकली नाहीस. पहिला आठवडा काही जाणवलं नाही, फक्त सोमवारचा आकडा पंधरा आला आणि मी म्हटलं, बघा, आता खरं बाहेर आलं. दुसऱ्या आठवड्यात पहिलं पिंप तुंबलं. तिसऱ्यात बेसिनपाशी उभं राहवेना, कर्दळ पिवळी पडली आणि मुख्याध्यापक म्हणाले की हे सगळं काढून सिमेंट करून टाका. मी चिडून शिपाईमामांना म्हटलं, इतके दिवस चाललं होतं, आताच काय धाड भरली. तेव्हा त्यांनी जिन्याखाली अर्धवट राहिलेलं बोलणं पुरं केलं. आठवडाभराचं तेल आणि शितं पहिल्या पिंपात साचायची. ती काढायची पाळी दर शनिवारी एकेका गटाची होती आणि एकही गट काढत नव्हता, किळस यायची म्हणून. सोमवारी सकाळी तू पिंपात खांद्यापर्यंत हात घालून ती घाण उपसायचीस, खडी नळाखाली धुवायचीस आणि बादली खतखड्ड्यात रिकामी करायचीस. बाकीच्यांची नावं सांगावी लागू नयेत म्हणून गप्प राहिलीस, असं ते म्हणाले. खरं आहे का ते तू मला सांगायची गरज नाही.

त्या दुपारी मी वही पुन्हा उघडली. या वेळी आकडे सोडून बाकीचं वाचलं. तिसऱ्याच आठवड्याच्या पानावर, समासात, पेन्सिलने तू पिंपाचं चित्र काढलंस आणि लिहिलंस की जाळी वर हवी, खाली हात पोहोचत नाही, काढता-घालता आली तर कोणीही साफ करेल. माझा लाल गोल त्या ओळीवरूनच गेला आहे. मुलांना मी जूनपासून टिकाऊ रचना शिकवत होते, आणि माझी रचना एका मुलीच्या हातांवर उभी होती हे मला दिसलं नाही. मला माझीच लाज वाटते. पिंप परवा मी उपसलं. दोनदा ओकारी आली. नवी जाळी तुझ्या चित्राप्रमाणे करून घ्यायला टाकली आहे, तिच्यासाठी तू यायलाच हवं असं काही नाही.

आता जे लिहायला बसले ते. तुझ्या आईंना गेलेल्या पत्राखाली सही मुख्याध्यापकांची आहे, पण तक्रार माझी. दोरा तुटला त्याच दुपारी मी ती लिहून दिली, 'फसवणूक' हा शब्दही माझाच. पत्र घरी आल्यापासून तू मॉनिटरशी बोलत नाहीस, डब्याला तिच्याजवळ बसत नाहीस, कारण वही तिच्याकडे गेली म्हणून मुख्याध्यापकांकडे चुगलीही तिनेच केली असं तुला वाटतं. ती दोनदा वर्गात रडली. मला कारण माहीत होतं आणि मी गप्प बसले, कारण संशय तिच्यावर होता तोवर माझ्यावर नव्हता. तक्रार चुकीची होती असं लिहून मी आज मुख्याध्यापकांकडे दिलंय, ते ऐकतील की नाही हे मला सांगता येत नाही. शुक्रवारी तुझ्या आईंच्या शेजारी मी बसेन आणि नळ का उघडला गेला ते त्यांच्या देखत सांगेन. माझ्याशी तू कधी बोललीच नाहीस तरी मी समजू शकते. पण उद्या डब्याच्या सुट्टीत मॉनिटरजवळ जाऊन बस. तिने काहीही केलेलं नाही.

तुझीच,
विज्ञानाची बाई